गोडाऊनमध्ये १८४४६७४४०७३७०९५५१६१५ पोती तूरडाळ??

डाळगोदाम | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं मार्केट यार्डात भुसार मालाचं होलसेल दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं, आता मी बघतो. मध्यंतरी वह्या बंद करून कॉम्प्युटरवर आलो. आज शटर ओढायच्या आधी सहज स्टॉक बघितला तर तूरडाळीपुढं शिल्लक पोती: १८४४६७४४०७३७०९५५१६१५. डोळे चोळले, रिफ्रेश केलं, तोच आकडा. सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला तर तो म्हणे बंद करून परत चालू करा. केलं. तोच.

बाबा शेजारी बसले होते, म्हणाले वाचून दाखव रे किती आहे ते. आणि मला वाचताच येईना! अब्जापर्यंत कसाबसा गेलो आणि अडकलो. बाबा पावकी-निमकी पाठ असलेले, त्यांनी माझ्याकडं असं काही बघितलं की बास.

तर विचारायचं इतकंच की हा आकडा आला कुठून, नुसता कचरा आहे का त्यात काही अर्थ आहे, आणि मराठीत वाचायचा कसा? गूगलवर टाकला तर बुद्धिबळाचं काहीतरी येतंय. माझ्या डाळीचा आणि बुद्धिबळाचा काय संबंध? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस | शनिवार, रात्री १०:५१

एकदम बाजारात काढू नका, भाव पडतील.

बिटबाई | शनिवार, रात्री ११:१५

कचरा अजिबात नाहीये. तुमची शिल्लक ० असताना कुणीतरी एका पोत्याचं बिल फाडलंय, पैज लावते.

घरी जुनी स्कूटर असेल तर तिचं किलोमीटरचं मीटर आठवा. सगळी चाकं ००००० वर आहेत आणि तुम्ही ते एक घर मागं फिरवलं, तर काय दिसेल? उणे एक नाही दिसणार कारण मीटरला उणे माहीतच नाही, दिसणार ९९९९९. कॉम्प्युटरमधलं मीटर असंच, फक्त त्याला ६४ चाकं आणि प्रत्येक चाकावर दोनच आकडे, ० आणि १. अशा एका चाकाला बिट म्हणतात. शून्यावरून एक मागं गेलं की चौसष्टच्या चौसष्ट चाकं १ वर येतात. तो आकडा आपल्या नेहमीच्या पद्धतीत लिहिला की २ चा ६४ वा घात वजा १, म्हणजे तुमची डाळ. ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानं ती जागा अनसाइन्ड ठेवली, पोती ऋण कशी असतील असा विचार करून. त्याचंही चूक नाही म्हणा, पण विकायच्या आधी शिल्लक आहे का ते तपासायला पाहिजे होतं. रात्री दोन वाजता लॉगमध्ये हा आकडा मी इतक्यांदा बघितलाय की स्वतःच्या मोबाइल नंबरापेक्षा चांगला पाठ आहे.

फळाडस्टर | रविवार, सकाळी ७:०५

वाचनाचा प्रश्न माझ्याकडे. ३१ वर्षं गणित शिकवलंय, पहाटे उठायची सवय अजून गेली नाही.

आधी स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं द्या: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. व्यवहारात वाचायचं तर सोपा मार्ग म्हणजे कोटीचे गठ्ठे करायचे. १ लाख ८४ हजार ४६७ कोटी कोटी, ४४ लाख ७ हजार ३७० कोटी, ९५ लाख ५१ हजार ६१५. वडिलांना असं वाचून दाखवा.

पण वडील जुन्या वळणाचे असतील तर त्यांना भास्कराचार्यांच्या लीलावतीतली नावं आवडतील. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा नावं, प्रत्येक आधीच्याच्या दहापट. तुमची संख्या वीस अंकी, म्हणजे नावं संपून वर दोन घरं उरतात! मग १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्व शून्य, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, कोटी शून्य, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश आणि ५. एका दमात म्हणून बघा.

डाळगोदाम | रविवार, सकाळी ९:२०

सर दंडवत. बाबांना वाचून दाखवलं, "१८४ परार्ध" ऐकून पोहे खाता खाता थांबले. बिटबाई, तुमचं म्हणणं पटतंय पण बिल कुणी फाडलं ते उद्या यार्ड उघडल्यावर बघतो.

बुद्धिबळाचं कुणी सांगेल का?

पाटावरवंटा | रविवार, सकाळी १०:०२

ती राजा आणि शहाण्याची गोष्ट हो. बुद्धिबळ शोधणाऱ्याला राजा म्हणतो माग काय हवं ते, तो म्हणतो पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्ट घरं. राजा हसतो, मग कोठारवाला येऊन रडतो. गोष्ट आपल्याकडची म्हणून सांगतात पण लिहून ठेवलेली जुनी रूपं अरबी ग्रंथांत सापडतात, इब्न खल्लिकाननं तेराव्या शतकात सांगितलीय, आणि बेरीज तर त्याच्याही आधी अल्बिरूनीनं इ.स. १००० च्या आसपास करून ठेवली होती. उत्तर तुमच्या डाळीइतकंच.

आता खरी गंमत. तुमचा धागा वाचून मी सकाळी घरातल्या कोलमचे शंभर दाणे मोजले आणि मुलीच्या दागिन्यांच्या छोट्या काट्यावर ठेवले. मोजताना दोनदा चुकले, एकदा नवऱ्यानं चहा आणला तेव्हा आणि एकदा त्र्याऐंशीला शिंक आली तेव्हा. वजन भरलं १.६ ग्रॅम. म्हणजे एक दाणा १६ मिलिग्रॅम. त्या हिशेबानं सगळे दाणे मिळून २९,५०० कोटी टन तांदूळ होतो. जगात वर्षाला तांदूळ पिकतो साधारण ५० कोटी टन. म्हणजे सगळ्या जगानं भात खायचं बंद करून ५९० वर्षं नुसता त्या शहाण्याला पोचवायचा. बासमती घेतला तर अजून वाढेल, तो दाणा जड.

खडूस | रविवार, सकाळी १०:१०

आणि हे फक्त दाणे. धागाकर्त्याकडं पोती आहेत.

तिसरीघंटा | रविवार, सकाळी ११:४०

याच आकड्याची अजून एक गोष्ट आहे, काशीच्या ब्रह्मदेवाच्या देवळातली. तीन हिऱ्याच्या सुया, एकीवर सोन्याच्या ६४ तबकड्या, मोठी खाली लहान वर, पुजारी एकेक तबकडी हलवतात, मोठी तबकडी लहानीवर ठेवायची नाही, सगळ्या दुसऱ्या सुईवर गेल्या की जगाचा अंत. किती वेळा हलवावं लागेल? बरोबर हाच आकडा. लहानपणी आजोबांनी सांगितली तेव्हा मी खरंच घाबरलो होतो. मोठेपणी कळलं की असं देऊळ काशीत नाहीच, एदुआर लुका नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १८८३ मध्ये हे खेळणं बाजारात आणलं आणि त्याला चिकटवायला काशी मिळाली.

सेकंदाला एक तबकडी धरली तर ५८,४०० कोटी वर्षांच्या वर लागतात. विश्वाचं वय १,३८० कोटी. म्हणजे अजून बराच वेळ आहे, गृहकर्ज घ्यायला हरकत नाही.

फळाडस्टर | रविवार, दुपारी १२:३०

गोष्टी झाल्या, आता संख्येच्या पोटात शिरू. नववीचं सूत्र आठवतंय का, अ वर्ग वजा एक म्हणजे (अ वजा एक) गुणिले (अ अधिक एक). सगळी जादू तिथंच आहे. २ चा ६४ वा घात हा ४२९४९६७२९६ चा वर्ग. म्हणून डाळीचा आकडा = ४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७. आता डावीकडच्याला परत तेच, तो ६५५३६ चा वर्ग वजा एक, म्हणजे ६५५३५ × ६५५३७. परत ६५५३५ = २५५ × २५७. परत २५५ = १५ × १७. परत १५ = ३ × ५. कांद्यासारखं एकेक साल काढत गेलो की हाती राहतं

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

एरवी वीस अंकी संख्या फोडायची तर माणूस वेडा होईल, इथं सहा ओळीत काम. ६४ हा आकडा स्वतः दोनाचाच सहावा घात आहे म्हणून हे जमलं, ६३ किंवा ६५ असता तर साल इतकी सुटसुटीत निघाली नसती.

पहिल्या पाच मूळ संख्या आहेत. शेवटची मूळ आहे का? जरा डोकं खाजवा, मी संध्याकाळी येतो.

मनकवडा | रविवार, दुपारी १:१५

आहे ना. फर्मानं सांगितलंय की २ चा घात, आणि तो घातही दोनाचाच घात, त्यात एक मिळवला की मूळ संख्याच येते. ३, ५, १७, २५७, ६५५३७ आल्या तर पुढचीही येणारच.

फळाडस्टर | रविवार, सायंकाळी ६:४८

मनकवडे, तुम्ही मोठ्या माणसाच्या शेजारी जाऊन बसलात. १६४० मध्ये फर्मालाही अगदी असंच वाटलं होतं. पहिल्या पाच ठरल्या म्हणून सहावीही असेल, आणि सहावीलाच गाडी घसरली. १७३२ मध्ये ऑयलरनं दाखवलं की ४२९४९६७२९७ ला ६४१ नं पूर्ण भाग जातो.

विश्वास ठेवू नका, कागद घ्या. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, बाकी ४४८. ९ खाली घेतला, ४४८९, सात वेळा, बाकी २. मग ६ घेतला तर २६, भाग जात नाही, शून्य. ७ घेतला, २६७, परत शून्य. २ घेतला, २६७२, चार वेळा, बाकी १०८. ९ घेतला, १०८९, एकदा, बाकी परत तीच ४४८! आणि शेवटचा ७ खाली आला की ४४८७, जे बरोब्बर सात वेळा ६४१. बाकी शून्य. उत्तर ६७००४१७. वर्गात हा भागाकार करून घ्यायचो तेव्हा ती दुसरी ४४८ आली की मागच्या बाकावरचीसुद्धा मान वर करायची.

६७००४१७ मूळ आहे. म्हणजे डाळीचे मूळ अवयव सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७. सगळे एकेकदाच, म्हणून या संख्येचे एकूण विभाजक २ चा ७ वा घात, १२८.

लघुगुरु | रविवार, रात्री ८:२०

सर, ६४१ ऑयलरला सुचला कसा? एकेक मूळ संख्या घेऊन भागत बसला असेल का बिचारा?

फळाडस्टर | रविवार, रात्री ८:५५

नाही हो. त्यानं हे सिद्ध केलं की असा भाजक असलाच तर तो ६४ च्या पटीत एक मिळवून येणाराच असणार. मग ६५, १२९, १९३, २५७, ३२१... यातल्या मूळ तेवढ्या घ्यायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात सापडला. डोंगर खणायच्या आधी कुठं खणायचं ते ठरवलं, बास.

आणि भागाकार न करताही दाखवता येतं, मला हे फार आवडतं. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६ सुद्धा. ६४१ नं भागल्यावरची बाकी एवढंच बघायचं. पहिल्यातून ५ × (२ चा ७ वा घात) ची बाकी उणे एक. त्याचा चौथा घात घ्या, ६२५ × (२ चा २८ वा घात) ची बाकी एक. दुसऱ्यातून ६२५ च्या जागी उणे १६ चालतं, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. जोडा: उणे २ चा ३२ वा घात म्हणजे बाकी एक. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक एक, बाकी शून्य. झालं! रुमालातून कबूतर.

अमेरिकेत झेरा कोलबर्न नावाचा मुलगा होऊन गेला, आठ वर्षांचा असताना लंडनमध्ये त्याला हीच संख्या विचारली तर त्यानं तोंडी ६४१ सांगितला. कसा काढलास विचारलं तर त्याला सांगता येईना.

रोखठोक९६ | रविवार, रात्री ९:३०

हे सगळं ठीक आहे पण फर्मा ऑयलर ऑयलर फर्मा काय चाललंय, आपल्याकडं हे सगळं हजारो वर्षांपूर्वीच माहीत होतं, कॉम्प्युटरचे बिट आपल्याच लोकांनी शोधलेत, इंग्रजांनी ग्रंथ पळवले, बोला आता

खडूस | रविवार, रात्री ९:३४

आले.

लघुगुरु | रविवार, रात्री १०:१०

रोखठोक, "सगळं" म्हणालात की जे खरंच होतं तेही वाया जातं. तुमच्याच बाजूचं एक देतो, पण नीट वाचा.

लीलावतीत, म्हणजे ११५० साली, एक उदाहरण आहे. एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट, महिनाभर. तर एकूण किती निष्क झाले? उत्तर १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी, ६ कवड्या. आता २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क, म्हणजे एका निष्काला २०,४८० कवड्या. सगळं कवड्यांत करून बघा: २१४७४८३६४६.

बिटबाई, दिसतंय का?

बिटबाई | रविवार, रात्री १०:१६

थांबा थांबा थांबा. २१४७४८३६४७ हा ३२ बिटच्या साइन्ड, म्हणजे उणे आकडेही दाखवणाऱ्या मीटरचा कमाल आकडा आहे!! भास्कराचार्य एका कवडीनं खाली थांबले??

लघुगुरु | रविवार, रात्री १०:४०

हो, एका कवडीनं. पण यात भविष्यवाणी काही नाही बरं का, ३० दिवस दुप्पट केलं आणि सुरुवात दोनापासून केली तर बेरीज २ चा ३१ वा घात वजा २ अशीच येते, महिना तीस दिवसांचा आणि बिट ३२, हा निव्वळ योगायोग. योगायोग नाही ती रीत. ते तीस वेळा दुप्पट करत बसत नाहीत. म्हणतात, गच्छ (म्हणजे पदांची संख्या, इथं दिवस) सम असेल तर निम्मा करा आणि 'वर्ग' लिहा, विषम असेल तर एक काढा आणि 'गुण' लिहा. तीस, निम्मे पंधरा: वर्ग. पंधरातून एक काढला, चौदा: गुण. सात: वर्ग. सहा: गुण. तीन: वर्ग. दोन: गुण. एक: वर्ग. शून्य: गुण. मग खालून वर चढायचं, गुण आला की दोनानं गुणा, वर्ग आला की वर्ग करा. आठ पायऱ्यांत १०७३७४१८२४. त्यातून एक वजा, पहिल्या दिवसाच्या दोनानं गुणा, संपलं. त्याच्याही आधी पिंगलाच्या छंदशास्त्रात हीच निम्म्याची युक्ती आहे, लघु-गुरूंचे किती प्रकार होतात ते मोजायला. आठ अक्षरांच्या चरणाचे २५६ प्रस्तार, जो तुमचा आठ बिटांचा बाइट. आठ अक्षरांचे चार चरण म्हणजे ३२, असे दोन श्लोक घेतले की ६४ जागा. डाळीला रीत लावा: ६४, ३२, १६, ८, ४, २, १, सहा वेळा नुसता वर्ग, शेवटचं एक गुणानं संपलं.

रोखठोक९६ | रविवार, रात्री १०:५२

तेच तर म्हणत होतो

बिटबाई | रविवार, रात्री ११:०५

नाही, तेच नव्हता म्हणत :) पण लघुगुरु, आम्ही आजही एनक्रिप्शनमध्ये मोठे घात असेच काढतो, वर्ग-गुण वर्ग-गुण. कॉलेजात मला ते इंग्रजी नावानं शिकवलं, लीलावतीचं नावही कुणी काढलं नाही.

बाकी त्या एका कवडीवरून आठवलं, २०१४ मध्ये यूट्यूबवर एका कोरियन गाण्याचे व्ह्यूज २१४७४८३६४७ च्या वर चालले आणि त्यांना मीटर ६४ बिटचं करावं लागलं. आणि जुन्या सिस्टिम १९७० पासूनचे सेकंद याच ३२ बिटमध्ये मोजतात, त्यांचं मीटर १९ जानेवारी २०३८ ला आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतंय. मंगळवार आहे. मी त्या दिवशी रजा टाकणार.

फळाडस्टर | सोमवार, सकाळी ६:५०

लघुगुरु, छान. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात कधी? तिथं भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख आहे. सहल नेली होती, मुलं शिलालेखापेक्षा माकडांत जास्त रमली.

२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे हे १७७२ मध्ये परत ऑयलरनंच दाखवलं. या माणसानं आमच्यासारख्यांना करायला काही ठेवलंच नाही.

लघुगुरु | सोमवार, सकाळी ९:१५

सर तुम्ही मेरुप्रस्तार विसरलात, म्हणजे ज्याला शाळेत पास्कलचा त्रिकोण म्हणतात. हलायुधानं दहाव्या शतकात पिंगलावरच्या टीकेत सांगितलाय. तो मांडा आणि विषम आकड्याच्या जागी १, समाच्या जागी ० लिहा. ओळी येतात १, ११, १०१, ११११, १०००१, ११००११... या बिट समजून वाचा: १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७. ओळखीच्या वाटतात ना? चौसष्टाव्या ओळीत सगळे एकच एक, चौसष्ट एक. तीच डाळ.

फळाडस्टर | सोमवार, सकाळी ९:५०

आणि पहिली १ सोडली तर त्यापुढच्या ३१ ओळी म्हणजे काय माहितीय? नुसती पट्टी आणि कंपास घेऊन विषम बाजूंचे जे सुसम बहुभुज काढता येतात, असे आपल्याला माहीत असलेले सगळे! १७ बाजूंचा गाउसनं १७९६ मध्ये शोधला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचांतून कुठल्याही निवडून गुणायच्या, ३१ प्रकार होतात, सगळ्यांत मोठा ४२९४९६७२९५ बाजूंचा, म्हणजे डाळीचा डावा निम्मा अवयव. पुढची तेहतिसावी ओळ म्हणजे १, मग एकतीस शून्यं, मग १, म्हणजे ४२९४९६७२९७. फर्मा जिथं पडला तिथंच ही यादीही तुटते. हर्मिस नावाच्या जर्मन मास्तरनं ६५५३७ बाजूंच्या बहुभुजावर दहा वर्षं घालवली, कागदांची पेटी ग्योटिंगेनला ठेवलीय. आमच्या शाळेत एवढ्या रजा मिळाल्या नसत्या.

फर्माच्या या पाचांनंतर सहावी मूळ अजून कुणाला सापडलेली नाही. ३ ला शून्य क्रमांक धरून मोजलं तर ३२ व्या क्रमांकापर्यंत सगळ्या फुटतात हे ठरलंय, ३३ व्याचं घोडं अडलंय, तिला २५८ कोटींच्या वर अंक आहेत.

सातपुडा | सोमवार, सकाळी ११:२०

सातानं भाग जातो का कुणी बघितलं नाही म्हणून मी बसमध्ये बघितलं. उजवीकडून तीन-तीनचे गट: ६१५, ५५१, ७०९, ०७३, ७४४, ४४६, १८. एक मिळवा एक वजा करा: ६१५ − ५५१ + ७०९ − ७३ + ७४४ − ४४६ + १८ = १०१६. १००१ काढले, उरले १५. १००१ म्हणजे ७ × ११ × १३, म्हणून या तिघांच्या बाक्या पंधरावरूनच कळतात: १, ४, २. एकानंही भाग जात नाही. मूळ अवयवांच्या यादीशी जुळलं. कंडक्टर दोनदा तिकीट मागून गेला.

देवळालीकर | सोमवार, दुपारी २:०५

इतके नाशिककर इथं असताना कापरेकर सरांचं नाव निघू नये? द. रा. कापरेकर, जन्म १९०५ डहाणूचा, देवळालीच्या शाळेत मास्तर होते, ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'वाले. त्यांचा एक खेळ होता: कुठलीही संख्या घ्या, तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा, नवी संख्या जन्मते. ५२ घेतली तर ५२ + ७ = ५९. ज्या संख्येला अशी आईच नाही ती सेल्फ नंबर, तिला देवळाली नंबरही म्हणतात. उदाहरणार्थ २०, ३१, ४२.

मग तूरडाळ देवळालीची आहे का? जेवणानंतर बसलो. अंकांची बेरीज ८७, नवानं बाकी ६. आईत तिच्या अंकांची बेरीज मिळवल्यावर नवाची बाकी दुप्पट होते, म्हणजे आईची बाकी ३ पाहिजे. शेवटचे तीन अंक सोडले तर पुढचे सतरा आईतही तेच राहणार, त्यांची बेरीज ७५. म्हणून आईच्या अंकांची बेरीज ७५, ८४, ९३ किंवा १०२. डाळीतून ७५ वजा केले तर शेवट ५४०, बेरीज ८४ येते, जुळत नाही. ८४ वजा केले तर शेवट ५३१, ७५ + ५ + ३ + १ = ८४. जुळलं! ९३ आणि १०२ ला जुळत नाही. म्हणजे एकच आई, १८४४६७४४०७३७०९५५१५३१. देवळालीची नाही डाळ, हळहळ वाटली.

पाटावरवंटा | सोमवार, दुपारी २:३०

हे कागदावर केलंत?? _/\_

डाळगोदाम | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, चोर सापडला. बिटबाई पैज जिंकल्या. शनिवारी सकाळी शेवटचं पोतं गेलं, शिल्लक ०. संध्याकाळी लातूरची गाडी आली, ५० पोती उतरवली, हमाल घाईत, मी पावती खिशात घातली आणि एंट्री सोमवारवर ढकलली. तेवढ्यात एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं म्हणून आमच्या पोरानं नव्या मालातलं एक पोतं दिलं आणि बिल केलं. शून्यातून एक गेलं, झाले १८४ परार्ध.

आज भीत भीत ५० ची आवक टाकली. म्हटलं आता अजून पन्नास मिळवून काय होतंय, एकवीस अंक होतील नाहीतर मशीन बंद पडेल. एंटर दाबलं तर स्क्रीनवर गपचूप ४९. गोडाऊनमध्ये जाऊन थप्पी मोजली, ४९.

बाबांना सांगितलं तर ते चष्मा पुसत म्हणाले, "मग आकडा बरोबरच होता की. तुलाच वाचता येत नव्हता."

बिटबाई | सोमवार, रात्री ९:१८

मीटर पन्नास घरं पुढं फिरलं, दुसरं काय. सॉफ्टवेअरवाल्याला मात्र सोडू नका, शून्याच्या खाली बिल होऊच द्यायला नको त्यानं.

खडूस | सोमवार, रात्री ९:२५

४९ म्हणजे ७ चा वर्ग. सर, तुम्ही झोपा आता.

फळाडस्टर | सोमवार, रात्री ९:३१

आणि ७ म्हणजे २ चा घन वजा एक.